जुन्या गड्याची मजुरी

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत क्रिकेटवर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आमचे शालेय शिक्षण सातवीला संपले. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या दारांवरील सभांत. फलंदाजाचा पाय कोठे पडावा आणि बॅट कशी यावी, हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु कामाचा मोबदला कसा ठरतो, कोण ठरवतो आणि तो कोणाच्या ताटातून येतो, या प्रश्नाशी आम्ही गेली तीसेक वर्षे झगडत आलो आहो. आणि आजचा आमचा विषय खेळाचा दिसत असला, तरी मुळात मजुरीचाच आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात रत्नागिरीच्या चहाच्या टपऱ्यांवर एक वाद रंगत असे. मुंबई इंडियन्स या संघाने रोहित शर्माला १६ कोटी ३० लाख रुपये देऊन आपल्याकडे ठेवले होते. त्या वर्षी ३० एप्रिलला त्याने ३८ वे वर्ष पूर्ण केले. संघाचे कर्णधारपद डिसेंबर २०२३ मध्येच त्याच्याकडून काढून घेतले होते. "म्हातारा झाला तो आता, सोळा कोटी कशाचे देतात?" असे एक म्हणे. "अहो, त्याने पाच वेळा चषक आणून दिला, तो विसरलात काय?" असे दुसरा म्हणे. चहा संपे, पण वाद संपत नसे. आम्ही कडेला बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हा वाद तर आम्ही शेकडो वेळा ऐकला आहे. फक्त तेथे रोहितच्या जागी कोणी जुना फिटर असे.

प्रथम हिशेब समजून घेऊ. इंडियन प्रीमियर लीगमध्ये दहा संघ आहेत. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त १२० कोटी रुपये खर्च करण्याची मुभा होती. याला ते लोक पर्स म्हणतात, आपण थैली म्हणू. लिलावापूर्वी काही खेळाडू ठरावीक रकमेला राखून ठेवता येत. मुंबईने पाच राखले. बुमराहला १८ कोटी, सूर्यकुमार यादव आणि हार्दिक पंड्या यांना प्रत्येकी १६ कोटी ३५ लाख, रोहितला १६ कोटी ३० लाख आणि तिलक वर्माला ८ कोटी. बेरीज करा. पाच जणांत ७५ कोटी गेले आणि बाकीच्या सगळ्या संघासाठी ४५ कोटी उरले. लिलावात नवख्या खेळाडूची किमान बोली ३० लाखांची होती. म्हणजे रोहितच्या एकट्याच्या रकमेत असे ५४ नवखे खेळाडू बसले असते.

आता काम किती झाले ते पाहू. २०२२ ते २०२४ या काळात रोहितला दर हंगामाला १६ कोटी मिळत होते. त्यातल्या २०२२ मध्ये त्याने १४ सामन्यांत २६८ धावा केल्या आणि एकही अर्धशतक झाले नाही. २०२३ मध्ये ३३२ झाल्या, २०२४ मध्ये ४१७ आणि २०२५ मध्ये १५ सामन्यांत ४१८. यात २०२५ चा आरंभ तर असा की, पहिल्या सहा डावांत एकदाही तीस धावा झाल्या नाहीत. शिवाय अनेक सामन्यांत तो केवळ फलंदाजीपुरता मैदानात येई, क्षेत्ररक्षणाच्या वेळी त्याच्या जागी दुसरा गडी असे. नियमाने तशी सवलत आहे, पण तेवढे काम कमी झाले, हेही खरे.

कारखान्यात ज्याला नगावर मजुरी म्हणतात, त्या मापाने मोजले तर रोहितची एक धाव संघाला सुमारे ३ लाख ९० हजारांना पडली. त्याच संघात जवळजवळ तेवढ्याच पैशांत सूर्यकुमारने ७१७ धावा केल्या, म्हणजे धाव सव्वादोन लाखांच्या आसपास पडली. आता आपला अजिंक्य रहाणे घ्या. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा जन्म, डोंबिवलीत वाढलेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे लिलाव झाला, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. कोलकाता संघाने त्याला त्याच्या किमान बोलीला, दीड कोटीला, घेतले आणि पुढे कर्णधारही केले. त्याने १३ सामन्यांत ३९० धावा केल्या. एक धाव ३८ हजारांना! आणि त्याच कोलकाता संघाने तिशीच्या उंबरठ्यावरच्या वेंकटेश अय्यरला २३ कोटी ७५ लाख मोजले होते. त्याच्या धावा झाल्या १४२. एक धाव पावणेसतरा लाखांना पडली.

या आकड्यांवरून पहिली गोष्ट उघड होते. महाग पडला तो म्हातारा म्हणून पडला, हे म्हणणे टिकत नाही. एका वयस्क खेळाडूची धाव ३८ हजारांना, दुसऱ्याची पावणेचार लाखांच्या वर आणि तरुणाची सर्वांत महाग. दुसरी गोष्ट अशी की, किंमत ठरते काम होण्याच्या आधी आणि हिशेब होतो काम झाल्यावर. पुढच्या उन्हाळ्यात कोणाची बॅट बोलेल, हे लिलावाच्या दिवशी कोणालाही ठाऊक नसते. तेव्हा किंमत मोजली जाते ती अपेक्षेची. जुन्या खेळाडूच्या बाबतीत तर तीत आठवणीचाही भाग असतो.

मग जुन्या माणसाला धावांखेरीज आणखी कशाचे पैसे मिळतात? हे समजावयाला आपल्या मिरकरवाड्यावर चला. बोट मासळी घेऊन आली की डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा होतो आणि वाट्याची पद्धत जेथे आहे तेथे उरलेल्याचे वाटे पडतात. तांडेलाचा वाटा खलाशाच्या वाट्याहून मोठा असतो. जाळे ओढण्यात तांडेल विशीतल्या खलाशाची बरोबरी करील काय? मुळीच नाही. पण पाण्याचा रंग पाहून जाळे कोठे टाकावे आणि वाऱ्याचा नूर पाहून केव्हा परत फिरावे, हे त्याला कळते. दहा खेपांत नऊ खेपा त्याच्या अनुभवाची फारशी गरज लागत नाही. दहाव्या खेपेला बोट त्याच्यामुळे घरी येते.

रोहितच्या हंगामातही एक दहावी खेप आली. ३० मे २०२५ रोजी मुल्लांपूर येथे गुजरात संघाशी बाद फेरीचा सामना होता. हरला तो घरी, असा. त्या दिवशी त्याने ५० चेंडूंत ८१ धावा केल्या, मुंबईने २२८ पर्यंत मजल मारली आणि सामना वीस धावांनी जिंकला. आरंभी त्याचे दोन झेल सुटले, हेही सांगितले पाहिजे. दैवाचा वाटा कोणाच्याच करारात लिहिलेला नसतो. पुढल्याच सामन्यात मुंबई पंजाबकडून हरली आणि चषक गेला. तरीही त्या एका संध्याकाळची किंमत धावांच्या सरासरीत मावत नाही, हे आम्ही मानतो.

याखेरीज गर्दी खेचण्याचे मोल असते. लोक तिकीट काढतात, दूरदर्शन संचापुढे बसतात, निळा सदरा विकत घेतात, ते संघासाठी खरे, पण बरेचसे ओळखीच्या चेहऱ्यासाठी. १६ मे २०२५ रोजी वानखेडे मैदानातल्या एका प्रेक्षक-कक्षाला रोहितचे नाव दिले गेले. ज्याच्या नावाच्या कक्षात प्रेक्षक बसतात, तो स्वतः मैदानात उतरतो, तेव्हा मालकाचा गल्ला त्याच्या धावांवर अवलंबून राहत नाही. पहिल्या चेंडूवर बाद झाला तरी तिकिटे विकली गेलेलीच असतात.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, ठरले तर मग, जुन्याला हवे तेवढे द्या. थांबा. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या एका उदाहरणाने चांगली समजते. तेथेही संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे. लॉस एंजेलिस लेकर्स या संघाचा कोबे ब्रायंट हा त्या खेळातला थोर पुरुष. त्याने संघाला पाच अजिंक्यपदे मिळवून दिली होती. २०१३ मध्ये त्याच्या टाचेची शीर तुटली. वय ३५ झाले होते. तो दुखण्यातून उठून पुन्हा मैदानात उतरण्यापूर्वीच, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, संघाने त्याच्याशी दोन वर्षांचा ४ कोटी ८५ लाख डॉलरचा नवा करार केला. पगाराच्या मर्यादेचा एक तृतीयांशाहून मोठा भाग एकट्याकडे गेला. कराराच्या पहिल्या वर्षी दुखापतीमुळे तो ८२ पैकी ३५ सामनेच खेळू शकला. संघाने त्या वर्षी २१ सामने जिंकले आणि दुसऱ्या वर्षी अवघे १७. एप्रिल २०१६ मधल्या आपल्या शेवटच्या सामन्यात कोबेने ६० गुण केले आणि सारे प्रेक्षागृह उभे राहिले. पण तो एक दिवस झाला. उरलेले दोन हंगाम संघातल्या तरुणांनी पराभव सोसण्यात काढले. त्या पराभवांना दुसरी कारणेही होती, हे कबूल. तथापि थैली बांधलेली असली की एकाच्या पानावर वाढलेले दुसऱ्याच्या पानावरून उचललेले असते, हा हिशेब कोणालाही चुकत नाही.

येथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात पगारवाढीची बोलणी चालली होती. कारखान्याचे नाव सांगत नाही. मालकाने मेजावर एक ठोक रक्कम ठेवली आणि म्हणाला, "एवढी वाढ मंजूर. आपसांत कशी वाटायची ते तुम्ही ठरवा." आम्हांला वाटले, केवढा हा उदारपणा! तीन रात्री आम्ही युनियनच्या खोलीत बसलो. जुने कामगार म्हणाले, आम्ही हा कारखाना उभा केला, आमचा हक्क मोठा. नवे म्हणाले, आज यंत्र आम्ही ओढतो. शब्दाला शब्द वाढला, काकांना 'काका' म्हणणारी पोरे त्यांना नावाने हाक मारू लागली. शेवटी आम्ही जुन्यांच्या बाजूने कौल दिला. नव्यांच्या हाती फारच थोडे आले. वर्षभरात त्यांतले निम्मे युनियन सोडून गेले आणि पुढच्या बोलण्यांत मालकापुढे आम्ही पाच-पंचवीस पांढऱ्या केसांचे लोक उरलो. जुन्यांची बाजू घेतली, त्याचा पश्चात्ताप आम्हांला तितकासा नाही. पण तीन रात्रींत आम्हां कोणालाही एक साधा प्रश्न सुचला नाही, तो आजही डाचतो. ही ठोक रक्कम इतकीच का? ती कोणी ठरवली?

तोच प्रश्न आता क्रिकेटला लावू. १२० कोटींची थैली कोणी ठरवली? सामने दाखवण्याचे हक्क २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. सरासरी काढली तर वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या वर जाते. दहा संघांच्या दहा थैल्या मिळून होतात १,२०० कोटी. २०२५ पासून प्रत्येक सामन्यामागे खेळाडूला साडेसात लाख रुपये शुल्क सुरू झाले, त्यासाठी दर संघामागे १२ कोटी ६० लाखांची तरतूद आहे. ते धरले तरी सगळ्या खेळाडूंच्या वाट्याला येते ते केवळ या हक्कांच्या पैशांच्या सुमारे सातवा हिस्सा. तिकिटे, जाहिराती, सदऱ्यावरची नावे यांचे उत्पन्न आम्ही हिशेबात धरलेलेच नाही. मंडळाला देशभरच्या मैदानांचा, मुलांच्या स्पर्धांचा आणि निवृत्तांच्या वेतनाचा खर्च असतो, संघाच्या मालकांनी भांडवल गुंतवलेले असते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ज्यांच्या खेळावर हा सारा बाजार उभा, त्यांचा वाटा सातवा असावा की तिसरा, हे ठरवताना त्यांना कोणी विचारले होते काय?

अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये खेळातून येणाऱ्या उत्पन्नाचा जवळजवळ अर्धा भाग खेळाडूंना मिळतो. तो कोणी दयेने दिलेला नाही. तेथे खेळाडूंची युनियन १९५४ पासून आहे. जानेवारी १९६४ मध्ये बोस्टन येथे त्या खेळातल्या निवडक ताऱ्यांचा सामना व्हावयाचा होता. प्रेक्षक जमले होते, दूरदर्शनवाले सज्ज होते. खेळाडू मात्र कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर येईनात. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळाल्यावरच ते मैदानात उतरले. तो संप करणारे त्या खेळातले सर्वांत मोठे, सर्वांत महागडे गडी होते. त्यांना स्वतःच्या पोटाची चिंता नव्हती. आपल्यावाचून आजचा खेळ अडतो, एवढे त्यांना कळले होते, आणि ते अडणे त्यांनी सर्वांसाठी खर्चले.

असली गोष्ट परदेशातच घडते असे समजू नका. पालवणकर बंधूंचे मूळ आपल्या कोकणातले, आडनावच ते सांगते. बाळू पालवणकर चांभार कुळात जन्मले. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते मैदानाची निगा राखीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा ३५ वर्षांच्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी मिळवले. त्या काळी चौरंगी सामने गाजत. हिंदू संघाचा हा सर्वांत मोठा गोलंदाज, पण कर्णधारपद त्यांना जातीमुळे कधी दिले नाही. १९२० मध्ये त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी खेळण्याचे नाकारले. अखेर बाळूंना उपकर्णधार करून परत बोलवावे लागले. १९२३ मध्ये विठ्ठल संघाचे कर्णधार झाले. जुन्या गड्याचे मोल त्या वेळी कोणी लिलावात ठरवले नाही. ते ठरले दोन धाकट्यांनी मैदानात उतरण्याचे नाकारले म्हणून.

आज आपल्याकडे काय आहे? २०१९ मध्ये भारतीय क्रिकेटपटूंची एक संघटना स्थापन झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची. आज जे मैदानात घाम गाळतात त्यांच्या वतीने मंडळाशी बोलणी करणारी संघटना नाही. त्यामुळे थैली वरून ठरून येते आणि खाली आपण एकमेकांच्या पानात डोकावत बसतो. रोहितला इतके का, अय्यरला तितके का, अजिंक्यला एवढेच का?

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर देण्याची टाळाटाळ आम्ही करणार नाही. रोहितचे सोळा कोटी वसूल झाले काय? २०२२ आणि २०२३ चा हिशेब विचाराल, तर केवळ फलंदाज म्हणून नाही. कर्णधार म्हणून मात्र काही भाग खात्यात जमा धरावा लागेल. २०२५ चा विचाराल, तर धावांच्या मापाने महाग, पण ३० मे ची संध्याकाळ आणि भरलेले वानखेडे धरले तर मालकाच्या पदरी तोटा आलेला नाही. अजिंक्यला मात्र त्या वर्षी त्याच्या कामाहून फार कमी मिळाले, असे आमचे स्पष्ट मत आहे. रोहितची रक्कम कापून ती भरपाई होणार नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे. दोघांचे संघ निराळे, थैल्या निराळ्या. दोघांना बांधणारी मर्यादा मात्र एकच.

यापुढे टपरीवर हा वाद निघेल, तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात, एवढीच आमची विनंती. पैसे मागच्या कामाचे दिले जात आहेत की पुढच्या? धावांखेरीज हा माणूस आणखी काय देतो, आणि ते मोजले कोणी? आणि तिसरी, एकूण थैली किती, ती ठरवताना मेजाभोवती कोण बसले होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे खेळाचे जाणकार आमच्याहून चांगली देतील. तिसरा प्रश्न मात्र आम्ही एकदा विचारायला विसरलो होतो, आणि त्याची भरपाई त्या कारखान्यातल्या पोरांना करावी लागली. त्यांतले एक-दोघे आज या सभागृहातही बसलेले दिसतात. आता तेही चाळिशीपलीकडे गेले आहेत, आणि 'जुना झाला, महाग पडतो' हे शब्द त्यांच्याबद्दल बोलले जाण्याचे दिवस फार दूर नाहीत.